गाव नको, द्राक्ष विचारा

मी एक जुनी मांडणी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच चेहरा पाडू नका. फाटक्या छत्रीने रडावं, मोडक्या खुर्चीने उसासे टाकावेत. मी त्यांतली नाही. वाईनच्या दुकानात मी भिंतीला पाठ लावून जमिनीपासून छतापर्यंत उभी आहे, आणि आजवर माझ्या एकाही खणातून बाटली घरंगळलेली नाही. मित्रांनो, तुमच्यात कुणी लहान असेल तर त्याने नुसती गोष्ट ऐकावी, पेल्याकडे बघू नये. मोठ्यांनी मात्र कान देऊन ऐकावी, कारण हा सगळा मोठ्यांचाच हट्टीपणा आहे.

एक जुनं नाचघर पाडलं, तेव्हा त्याच्या जमिनीच्या फळ्या एका सुताराने उचलून आणल्या. त्या फळ्या म्हणजे मी. सुतार बोलायचा कमी आणि शिट्टी वाजवायचा जास्त. दुकानाच्या मालकाने त्याला सांगितलं, "मला नुसते खण नकोत. मला फ्रान्सचा नकाशा हवाय."

"नकाशा कागदावर काढतात," सुतार म्हणाला.

"मग तुम्ही लाकडात काढा."

सुताराने डोकं खाजवलं आणि काढला. माझा वरचा भाग उत्तरेचा. समोरून बघाल तर उजव्या खांद्याशी अल्सास, त्याच्या डावीकडे शाम्पेन, डाव्या खांद्याशी ल्वार नदीकाठची गावं. मध्ये उजव्या कुशीला बर्गंडी, खाली डावीकडे बोर्दो, उजव्या पायाशी रोनचं खोरं. एकेका खणात एकेका गावच्या बाटल्या आडव्या झोपायच्या, म्हणजे आतली वाईन बुचाला लागून राहते आणि बूच सुकत नाही. मला मेणाने घासून चकचकीत केलं, आणि पहिल्याच दिवशी दारातून आत येणारा माणूस आधी मला बघू लागला, मग मालकाला. खोटं कशाला बोलू? मी फुशारले होते.

आता नकाशाच का, ते सांगते. फ्रान्सच्या बहुतेक बाटल्यांवर गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. बाटलीवर शाब्ली असं लिहिलेलं असतं. आत शार्दोने नावाचं द्राक्ष आहे हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. सान्सेरच्या पांढऱ्या वाईनच्या बाटलीत सोविन्यों ब्लाँ असतं, पण चिठ्ठीवर त्याचा पत्ता नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक. बाकीच्यांनी माना डोलवाव्यात. आणि आमच्या दुकानात ठाऊक असलेला माणूस एकच होता, खुद्द मालक.

त्याला सगळे नाकोबा म्हणत. तोंडावरसुद्धा. पेला नाकाशी नेला की तो डोळे मिटायचा, आणि उघडले की गावाचं नाव सांगायचा. कधी टेकडीची कुठली बाजू, तेही सांगायचा. गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, "तांबडी हवी होती, फार तुरट नको." नाकोबा म्हणायचा, "तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला कळत नाही, मला कळतं. ही न्या." आणि लोक न्यायचे! माझ्या खणात हात घालायची कुणाची टाप नव्हती. लोक लांबून बघत, तो काढून देई. बाटली चांगलीच निघे, म्हणून कुणी तक्रारही करत नसे.

दुकानाच्या वाढदिवसाला एक खेळ ठरलेला असे. रस्त्यापलीकडची खानावळवाली बाटल्या कागदात गुंडाळून पेले भरायची, आणि सगळ्या गल्लीसमोर नाकोबाने गावं ओळखायची. ओळखली, तर तिची वर्षभराची खरेदी आमच्याकडून. एकही चुकलं, तर ती चौकातल्या मोठ्या दुकानात जाणार. ती गेली की तिच्या मागोमाग गल्लीही जाणार, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. नाकोबा कधी चुकला नव्हता.

मग एका हिवाळ्यात त्याला ताप आला. साधासुधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. दुकान बघायला त्याची लेक आली. ती सासरच्या जोड्यांच्या दुकानात बसायची. आली, पदर खोचला, शटर वर केलं आणि मला बघून म्हणाली, "अगं बाई, हा काय पसारा!" पसारा! मला! मी तेव्हाच मनात तिच्याशी कट्टी केली.

ताप उतरला, नाकोबा परत आला. लेक मदतीला थांबली. पण नाकोबा माझ्याकडे बघेना. पूर्वी रोज सकाळी माझ्या अंगावरून फडकं फिरवायचा. आता धूळ बसली तरी त्याला पत्ता नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन उडालं. तेवढ्यात एक प्रकार घडला.

गल्लीच्या टोकाचे शिंपीबुवा उघडलेली बाटली घेऊन आले. म्हणाले, "नाकोबा, हिला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." असं होतं कधीकधी, बूच नासलं की वाईनही नासते, आणि दुकानदाराने निमूट बदलून द्यायची असते. नाकोबाने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, उघडले. "उत्तम आहे. बूच नाही, शिंपीबुवा, तुमचं नाक नासलंय." सगळे हसले. शिंपीबुवांचा चेहरा इतकुसा झाला. लेकीने पेला घेऊन हुंगला आणि त्यांना दुसरी बाटली दिली.

दुकान रिकामं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, जरा डोळे मिटा. एक नवीन नमुना आलाय." त्याने मिटले. तिने स्वतःची गार झालेली कॉफी पेल्यात ओतली आणि त्याच्या नाकाखाली धरली.

नाकोबाने लांब श्वास घेतला. "पिनो न्वार," तो म्हणाला. "बर्गंडीची आहे. जरा म्हातारी झालीय, पण घराणं चांगलं."

त्याने डोळे उघडले आणि पेल्यातली कॉफी बघितली.

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "कुणाला सांगितलंस तर याद राख."

"नाही सांगत. पण बाबा, हे असं किती दिवस चालणार?"

"मरेपर्यंत चालेल. मला गावं पाठ आहेत."

"गावं पाठ आहेत, पण नासलेली बाटली पाठ कशी असेल? आणि वाढदिवसाला काय करणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. तू आपले जोडे विक."

झालं! बापाचा स्वभाव लेकीत उतरलाच होता. दुसऱ्या दिवशी ती पत्र्याच्या छोट्या पाट्या रंगवून घेऊन आली आणि माझ्या प्रत्येक खणावर एकेक ठोकू लागली. गावाची नव्हे, द्राक्षाची. शार्दोने. सोविन्यों ब्लाँ. शेनँ. पिनो न्वार. गामे. सिरा. बोर्दोपाशी ती अडखळली, कारण तिथे दोन-तीन द्राक्षं एकत्र नांदतात. मग तिने जास्त वाटा कुणाचा ते बघितलं आणि पाटी रंगवली, 'काबर्ने आणि मंडळी'. शेजारी दुसरी, 'मेर्लो आणि मंडळी'. नाटक कंपनीच जणू!

नाकोबा आला आणि दारातच थबकला. "हे कोणी केलं?"

"मी केलं."

"वाईन गावाची असते! माती, ऊन, टेकडी. द्राक्ष काय, कुठेही उगवतं."

"असेल. पण आमच्या जोड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक चामडं कुठल्या गावचं ते विचारत नाही. पायाला होतो का, चावतो का, एवढंच विचारतं. माणसाला एकदा सिरा आवडलं तर त्याने दुसरं सिरा मागावं. त्यासाठी तुमच्या तोंडाकडे का बघत बसायचं?"

"म्हणजे मी नकोच!"

"असं कुठे म्हटलं मी?"

"पाट्या म्हणतायत की!"

खरं सांगते, मित्रांनो, मी तेव्हा बापाच्या बाजूची होते. मला नकाशा म्हणून घडवलं होतं, आणि ही बया माझं बर्गंडी उचलून ल्वारच्या पलीकडे नेऊन ठेवत होती. उत्तर खाली, दक्षिण वर. अंगातली हाडं इकडची तिकडे केल्यावर कसं वाटेल?

मग सुरू झाली लढाई. सकाळी नाकोबा लवकर येऊन सगळ्या बाटल्या गावांप्रमाणे लावायचा. संध्याकाळी लेक त्या द्राक्षांप्रमाणे लावायची. पाट्या तशाच, बाटल्या फिरतायत. शेनँच्या पाटीखाली बोजोले, सिराच्या पाटीखाली शाम्पेन. गिऱ्हाइकांच्या नाकी नऊ आले. दोघंही एकमेकांशी बोलत नसत. जे काय बोलायचं ते माझ्या अंगावर बाटल्या आपटून बोलत. त्यातच स्टीलच्या मांडण्या विकणारा एक माणूस आला. माझ्या फळीवर बोटाने टकटक करून म्हणाला, "ही आता मोडीत काढा." लेक म्हणाली, "बघू." बघू! नाचघराने टाचा आपटल्या तरी न मोडलेली मी, आणि हा बोटाने मोडायला निघाला होता.

तर त्या दिवसांत एका दुपारी, लेक जेवायला गेलेली असताना, नाकोबाने शटर अर्धं खाली ओढलं. मला वाटलं, आता पाट्या उपटणार. त्याने हात लावला तो बाटलीला. 'काबर्ने आणि मंडळी'मधली एक काढली, उघडली, पेला भरला. सवयीने नाकाशी नेला आणि तिथेच थांबला. मग पेला खाली आणून घोट घेतला. चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला. जिभेने हिरड्या चाचपल्या. पाटी वाचली. पुन्हा घोट. मग दुसरा खण.

त्यानंतर तो रोज दुपारी हेच करू लागला. वास गेला होता, पण जीभ शाबूत होती. आंबट कळत होतं, गोड कळत होतं, कडू कळत होतं, आणि तुरट वाईनने हिरड्या कशा आवळल्या जातात तेही कळत होतं. एका दुपारी तो माझ्यासमोर उभा राहून स्वतःशीच बोलला, "गाव काही सापडत नाही गं. पण हा कोण आहे ते कळतंय." कुणाला म्हणाला, देवाला ठाऊक. मी आपलं मलाच म्हणाला असं धरलं. त्या संध्याकाळपासून मी बाजू बदलली. नकाशा असण्याची माझी ऐट मोठी होती, पण आता त्याला नकाशाचा उपयोग नव्हता. पाट्यांचा होता.

हे लेकीला त्याने सांगितलं नाही. सांगेल तर तो नाकोबा कसला! सकाळी बाटल्या पुन्हा गावांप्रमाणे लावायचं मात्र त्याने बंद केलं, आणि लेकीनेही कारण विचारलं नाही.

वाढदिवस आला. दुकान भरलं. शिंपीबुवा होते, न्हावी होता, पोस्टमन थैलीसकट उभा होता. खानावळवालीने कागदात गुंडाळलेल्या बाटल्या टेबलावर मांडल्या. लेक गल्ल्यामागे उभी राहून फडक्याला पीळ घालत होती. तिचा चेहरा मला दिसत होता. पांढराफटक पडला होता.

खानावळवालीने पहिला पेला पुढे केला. तांबडी वाईन. नाकोबाने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. लोक थांबले. तो डोळे उघडेना. पोस्टमन खोकला.

मग नाकोबाने पेला टेबलावर ठेवला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "मला गाव सांगता येत नाही. हिवाळ्यातला ताप जाताना माझं नाकही घेऊन गेला. मला वास येत नाही. कशाचाच नाही. दूध जळलं तरी येत नाही."

मग तो शिंपीबुवांकडे वळला.

"शिंपीबुवा, तुमचं नाक शाबूत होतं. माझं गेलं होतं, आणि मी भर दुकानात तुमचं हसं केलं. चुकलं माझं."

शिंपीबुवा म्हणाले, "अहो, असू द्या हो," आणि डोळे पुसायला लागले.

"असू द्या काय! नसू द्या!" नाकोबाचा आवाज चढला. "आता ऐका सगळे. गाव नको, द्राक्ष विचारा. जीभ माझी आहे अजून."

खानावळवालीने कमरेवर हात ठेवले. "खेळ गावांचा आहे, नाकोबा."

"खेळ माझ्या दुकानात आहे. पैज घालायची तर घाल, नाहीतर चौकातलं दुकान उघडं आहे."

मग तिने तोच पेला पुन्हा पुढे सरकवला. नाकोबाने घोट घेतला, तोंडात फिरवला, गालफडं आत ओढली. "दात कोरडे पडले. जाड सालीचं आहे. काबर्ने, आणि बरोबर मंडळी आहेत." तिने कागद फाडला. बोर्दोची बाटली, मेदोकची. बरोबर!

दुसरा पेला. हलकी तांबडी. नाकोबाने वेळ घेतला. "पातळ सालीचं. आंबटपणा आहे, तुरट नाही. पिनो न्वार." कागद फाटला आणि आतून बोजोले निघाली. म्हणजे गामे. लेकीने डोळे मिटून घेतले. दुकानात कुजबुज झाली. नाकोबा जन्मात पहिल्यांदा सगळ्यांसमोर चुकला होता.

"चुकलो," तो म्हणाला. "या दोघांनी मला दुपारीही फसवलंय. पुढचा."

असं म्हणाला की काय सांगू! मान खाली नाही, आवाज खाली नाही. पुढचा पेला पांढरीचा होता. त्याने घोट घेतला आणि हसला. "जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं, आणि वर गोडाचं बोट लावलंय. शेनँ." कागद फाडला. वूव्रेची बाटली. शेनँच! पोस्टमनने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

खानावळवालीने कागदाचे तुकडे गोळा केले. ती वाईट बाई नव्हती. मायेनेच म्हणाली, "नाकोबा, एक चुकलं तरी मी इथेच घेईन. पण आता पुरे झालं हो. तुम्ही घरी बसा, आराम करा. लेक समर्थ आहे."

नाकोबाने लेकीकडे बघितलं. इतका वेळ ताठ असलेला माणूस, पण त्या क्षणी मला त्याची भीती स्पष्ट दिसली. नाक गेल्याची नव्हती ती. लेक 'हो' म्हणाली तर उद्या सकाळी कुठे जायचं, याची होती.

लेक गल्ल्यामागून बाहेर आली. "घरी बसले तर रोज दुपारी माझ्या बाटल्या कोण उघडणार?"

नाकोबा दचकला. "तुला कसं कळलं?"

"बाबा, मी जोडे विकते, डोळे मिटून बसत नाही. रोज जेवून आले की उघडलेली बाटली आणि धुतलेला पेला. उंदीर पेला धुतो का?" दुकानात हशा पिकला. ती खानावळवालीकडे वळली. "वासाचं मी बघीन. बूच नासलंय की नाही ते माझं काम. जिभेचं बाबा बघतील. उद्या सकाळी दुकान तेच उघडणार आहेत, आणि ते घरी बसणार नाहीत. ज्याला पटत नसेल त्याने चौकात जावं."

"काय गं बाई तुमचं घराणं!" खानावळवाली म्हणाली. "एकाला समजवावं तर दुसरी अंगावर येते."

"बोलू नको, निवड," नाकोबा म्हणाला. "काय रांधतेयस?"

"कोकराची मांडी. भट्टीतली."

"मग तुझं तू बघ. पाट्या वाच."

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. इतकी वर्षं दुकानात येणारी बाई, पण माझ्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. ओठ हलवत पाट्या वाचत गेली. सिरापाशी थांबली. काबर्नेपाशी परत आली. नाकोबाकडे वळून बघितलं, तर तो मुद्दाम छताकडे बघत होता. मग तिने हात वर केला, सिराच्या खणातून रोनकाठची बाटली स्वतःच्या हाताने ओढून काढली आणि छातीशी धरली.

"चालेल?" तिने विचारलं.

"मला कशाला विचारतेस? तुझी जीभ, तुझं कोकरू." मग जरा थांबून म्हणाला, "चालेल. धावेल."

दोन दिवसांनी स्टीलवाला पुन्हा आला. लेक त्याला म्हणाली, "आमच्याकडे जुनं काही मोडीत निघत नाही." तो माझ्याकडे आणि नाकोबाकडे आळीपाळीने बघत निघून गेला.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्या वस्तूने हात जोडून विनवायचं असतं. मला हात नाहीत, आणि असते तरी मी जोडले नसते. तुम्ही आम्हा जुन्यांची काळजी घेता म्हणजे काय करता? हातातलं काम काढून घेता, कोपऱ्यात सारता आणि वर चादर घालता. वा रे काळजी! काळजीच घ्यायची असेल तर आमच्या अंगात काय उरलंय ते विचारा, आणि जे उरलंय त्यावर पुरतं वजन टाका. चुकू द्या. गामेला पिनो म्हणू द्या. पुढचा पेला मात्र पुढे करा.

उद्या सकाळी तो शटर वर करील तेव्हा या. पाटी वाचा आणि मला न विचारता सरळ खणात हात घाला. बाटली वरच्या खणात असेल तर टाचा उंच करा. मी काही वाकणार नाही.